वॉटर पार्कचा वार्षिक पास : '३६५ दिवस' म्हणजे नेमके किती दिवस? (नागपूर)

फुटाळाकाठ (धागाकर्ता)

नागपूर आणि आसपासच्या वॉटर पार्कांचे वार्षिक पास घेतलेल्यांसाठी आणि घेऊ का नको करत बसलेल्यांसाठी हा धागा. पार्कचं नाव कोणी लिहू नका, मीही लिहीत नाही. एकदा नावावरून जुंपली की कामाचं बोलणं बाजूला राहतं.

प्रकार असा. होर्डिंगवर मराठीत ठळक : 'एकदाच पैसे भरा, वर्षभर धमाल, ३६५ दिवस'. पैसे भरल्यावर मेलवर जी पीडीएफ येते ती इंग्रजीत, बारीक अक्षरात. तिच्यात लिहिलेलं असतं की एप्रिल ते जून शनिवार-रविवार पास चालणार नाही, सरकारी सुट्टीला चालणार नाही, रंगपंचमी आणि ३१ डिसेंबरला चालणार नाही. इतर दिवशी आधी ॲपवर स्लॉट घ्यावा लागेल. स्लॉट घेऊन आला नाहीत तर दंड. राइड बंद असली तर भरपाई नाही. पास हस्तांतर नाही, रद्द नाही, परतावा नाही. आणि वर 'व्यवस्थापन कोणतीही अट पूर्वसूचनेशिवाय बदलू शकते'.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असा पास परवडतो तरी केव्हा? घ्यायच्या आधी काय पाहावं? आणि घेऊन बसले असतील त्यांना पैसे परत मिळतात का?

तर्रीपोहा

मे महिन्यात कूलर विकायचा आणि दुपारी लावू नका म्हणायचं, त्यातली गत झाली ही.

खिडकी_नं_२

तिकीट खिडकीच्या आतून हा पास कसा दिसतो ते सांगतो, म्हणजे अटी काहून अशा आहेत ते कळेल.

वॉटर पार्कचा आपल्याकडचा खरा धंदा मार्चच्या मध्यापासून शाळा उघडेपर्यंत. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तेवढा एक फायदा. बाकी वर्ष गेट उघडं असलं तरी आत शुकशुकाट. पण खर्च नेमका जानेवारी-फेब्रुवारीत उभा राहतो : स्लाइडच्या फायबरवरचा जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) दुरुस्त करणं, रंग, मोटारी बांधून घेणं, फिल्टरची वाळू बदलणं. तेव्हा खिडकीवर पैसा नसतो. म्हणून पास त्याच दोन महिन्यांत 'अर्ली बर्ड' म्हणून विकले जातात. थोडक्यात पासवाल्यांच्या पैशावर सीझनची तयारी होते.

सीझन लागला की चित्र उलटं. मेमधल्या रविवारी पार्क तसाही भरतो. त्या दिवशी पासवाला आत आला म्हणजे पूर्ण पैसे देणारं एक गिऱ्हाईक बाहेर राहिलं. म्हणून ब्लॅकआउट, म्हणजे पास न चालणारे दिवस. जिथे ब्लॅकआउट नाही म्हणून जाहिरात करतात तिथे तेच काम स्लॉट करतो. दिवसाची क्षमता समजा २,५०० धरली, तर त्यातून शाळा-कंपन्यांच्या ग्रुपचे आधी वेगळे काढतात, मग ऑनलाइन तिकिटं, मग खिडकी, आणि पासवाल्यांचा कोटा सगळ्यात शेवटी. तो कोटा किती हे कुठेच लिहिलेलं नसतं. ॲप नुसतं 'उपलब्ध नाही' म्हणतं, आणि त्याच दिवसाचं पैसे भरून तिकीट मात्र मिळतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुराव्याला कामी येते.

स्लॉटची मेख : चार जणांचा एकत्र स्लॉट मागितला आणि तीनच जागा उरल्या असतील तर ॲप तीन देत नाही, सरळ नाही म्हणतं. दोन-दोन करून मागा. ओटीपी मुख्य पासधारकाच्या मोबाइलवरच जातो, तेव्हा पास घेताना घरात जो हे काम करणार त्याचाच नंबर द्या. ज्यांचे वडील मुख्य पासधारक आणि त्यांच्या कामाच्या साइटवर रेंज नाही, त्यांचे स्लॉट हातातून जातात. जायचं नसेल तर मुदतीत रद्द करा. गैरहजेरी ठरावीक वेळा झाली की पास काही दिवस गोठतो, आणि तो काळ शेवटी वाढवून देत नाहीत.

गेटवर स्क्रीनशॉट चालत नाही, क्यूआर दर थोड्या वेळाने बदलतो. पार्क शहराबाहेर, नेटवर्क यथातथा. रांगेत लागायच्या आधीच ॲप उघडून ठेवा. आधारवरचं नाव आणि पासवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं असू द्या. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरही अडवतात.

हिशेबी_काकू

परवडण्याचा हिशेब बहुतेक जण चुकीच्या तिकिटाशी करतात. आकडे समजायला धरते, आपापल्या पार्कचे घालून पाहा.

पास माणशी ३,६००. रविवारचं तिकीट ९००. पास विकणारा सांगतो, चार वेळा गेलात की वसूल. पण पास रविवारी चालतच नाही! मग रविवारच्या तिकिटाशी तुलना कशाला? मंगळवार-बुधवारचं खिडकीवरचं तिकीट ७००, आणि आधी ऑनलाइन घेतलं तर समजा ५५०. ज्या दिवशी पास चालतो त्या दिवसाचं सगळ्यात स्वस्त तिकीट धरायचं. ३,६०० भागिले ५५०, म्हणजे सातव्या खेपेला पास वसूल.

खाण्यावर २० टक्के सूट असेल तर तीही धरा. चौघांचं आतलं खाणं १,००० चं झालं तर २०० वाचतात, माणशी ५०. मग ३,६०० भागिले ६००, सहा खेपा. पण सूट सगळ्या स्टॉलवर आहे की फक्त कॉम्बोवर, ते विचारून घ्या.

लॉकर, पार्किंग, कॉस्च्युमचं भाडं, पेट्रोल हे या भागाकारात घालू नका. ते तिकीट काढून गेलं तरी लागतं आणि पासावर गेलं तरी लागतं. ते वेगळ्या वहीत लिहा, कारण सहा खेपांत ते पासाच्या किमतीला गाठतं.

आता दिवस मोजा. शाळेची सुट्टी २ मे ते २२ जून धरली तर ५२ दिवस. शनिवार-रविवार पंधराच्या आसपास वजा. उरले ३७. हे ३७ सगळे कामाचे वार. दोघं नोकरीवाले असतील तर सहा वेळा रजा टाकावी लागेल. आजी-आजोबा मुलांना नेणार असतील तर त्यांचेही पास लागतात, पाण्यात न उतरणाऱ्याला वेगळं स्वस्त तिकीट फार थोड्या ठिकाणी आहे. म्हणजे पास कोणाला? ज्यांच्या घरी कामाच्या वारी मोकळं माणूस आहे, आणि पार्क अर्ध्या तासाच्या आत आहे, त्यांना. बाकीच्यांनी तिकीटच काढावं.

आणखी एक. ३,६०० च्या खाली 'अधिक कर' लिहिलं आहे का पाहा. १८ टक्के जीएसटी धरून ते ४,२४८ होतात. वर 'प्रोसेसिंग' आणि 'कार्ड छपाई'.

जरीपटका_जंक्शन

काकू, लहान मुलाचा पास घेतला न, तो मध्येच मोठा झाला तर? वयाने नाही, उंचीने म्हणतो.

खिडकी_नं_२

हा प्रश्न पास घ्यायच्या आधी विचारला पाहिजे. बऱ्याच पार्कांत दर वयावर नाही, उंचीवर ठरतो : २ फूट ९ इंचांच्या खाली फुकट, तिथून साडेचार फुटांपर्यंत मुलांचा दर, त्यावर मोठ्यांचा. आठ-दहा वर्षांचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. जानेवारीत १३५ सेंटिमीटर असलेलं पोर पास संपायच्या आत साडेचार फुटांची, म्हणजे १३७ सेंटिमीटरची रेघ ओलांडणार हे नक्की. मग गेटवर 'फरक भरा' सुरू होतं, तेही प्रत्येक खेपेला.

उपाय सोपा : पास काढताना अनवाणी उंची मोजायला लावा, पावतीवर आकडा लिहून घ्या, आणि 'हा दर पासच्या पूर्ण मुदतीसाठी' एवढं मेलवर मागून घ्या. तोंडी 'हो हो, काही नाही होत' याला अर्थ नाही. सीझनला खिडकीवर दुसराच मुलगा असतो.

दुसरी बाजूही बघा. मोठ्या स्लाइडला किमान उंचीची अट असते, ती सुरक्षेची असते आणि तिच्यावर हुज्जत घालू नये. पण ११० सेंटिमीटरच्या मुलाला निम्म्या स्लाइड बंदच असतील तर त्याचा पास घेऊन करायचं काय?

पंपहाऊस

पार्कवाल्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो, कारण गर्दीवर मर्यादा हा सगळाच बनाव नसतो.

वेव्ह पूल घ्या. १,००० चौरस मीटर, सरासरी खोली ९० सेंटिमीटर, म्हणजे ९ लाख लिटर पाणी. ते तीन तासांत एकदा पूर्ण गाळून यायचं असेल तर ताशी ३ लाख लिटरचे पंप आणि तेवढी फिल्टरची वाळू लागते. माणसं दुप्पट झाली म्हणून पंप दुप्पट होत नाही. माणशी तीन चौरस मीटर धरले तर एका वेळी साडेतीनशेच्या आत लोक हवेत. त्यावर गेलं की जीवरक्षकाला तळ दिसत नाही, आणि गाळणही मागे पडतं.

नागपूरच्या मेमध्ये आणखी भर. उन्हात क्लोरीन टिकत नाही. स्टॅबिलायझर (क्लोरीन उन्हात टिकवणारं रसायन) नसेल तर दुपारी तासाभराच्या आत निम्म्यावर येतं. पाण्यात मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ हवा. डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो तेव्हा लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. उलट असतं : घाम-लघवीशी संयोग होऊन क्लोरामाइन झालेलं असतं आणि मोकळं क्लोरीन कमी पडलेलं असतं. असा वास आला की मुलांना त्या टाकीत उतरवू नका, पास असो की तिकीट. शिवाय एवढ्या टाकीतून रोज १०-१२ मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं, म्हणजे दहा-बारा हजार लिटर, एक मोठा टँकर.

सुती कपडे चालत नाहीत तेही यातूनच. सुताचे तंतू गाळणीच्या जाळीत अडकतात. नायलॉन किंवा लायक्राचा स्वतःचा कॉस्च्युम असेल तर अडवायचं काही कारण नाही. पार्क तरी भाड्याचाच घ्या म्हणत असेल तर तो निव्वळ धंदा.

तेव्हा क्षमता खरी आहे. ती होर्डिंगवर न लिहिणं, हा भाग वेगळा.

सीताबर्डी_सिग्नल

पंपहाऊसभाऊ, गर्दीचं पटलं. पण गर्दी नको म्हणून पासवाल्याला नाही म्हणतात आणि त्याच घटकेला ९०० चं तिकीट विकून राहिले, त्याचं काय? तिकिटवाल्याच्या घामाने क्लोरामाइन होत नाही काय?

पंपहाऊस

होते की. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. :)

सातसमुद्र

हा घोळ नागपूरपुरता नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडने जानेवारी २०२१ मध्ये जुने वार्षिक पास बंद केले आणि ऑगस्टमध्ये 'मॅजिक की' नावाने नवे आणले, त्यांत आधी आरक्षण सक्तीचं. सगळ्यात महाग 'ड्रीम की' १,३९९ डॉलरची, आणि तिला ब्लॅकआउट तारखा नाहीत अशी जाहिरात. प्रत्यक्षात आरक्षणच मिळेना. एकदिवसाच्या तिकिटाला जागा दिसायची, कीवाल्यांना नाही. एका ग्राहक महिलेने २०२१ मध्येच दावा लावला. तो सगळ्या ड्रीम कीधारकांच्या वतीने चालला आणि २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरवर तडजोड झाली. लोक एक लाखाच्या वर, त्यामुळे वाट्याला थोडेच आले. डिस्नेने चूक कबूल केली नाही. पण मुद्दा हाच होता : 'बंदी नाही' म्हणायचं आणि कोट्याने बंदी घालायची.

कोर्टाची_पायरी

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. जरा लांबेल.

आधी एक समज काढून टाका : 'अटी मान्य' वर टिक केली म्हणून सगळं संपलं. तसं नाही. पण पीडीएफमधल्या कलमांशी झुंजत बसू नका. जाहिरात धरा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या कलम २(२८) मध्ये आहे, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं तिच्यात येतं. त्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ९ जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत म्हटलंय की खुलासा हा दाव्याच्याच भाषेत हवा, त्याच अक्षरवळणात हवा, ठळक जागी हवा, आणि महत्त्वाची गोष्ट झाकण्यासाठी किंवा दिशाभूल करणारा दावा सावरण्यासाठी खुलासा वापरता येणार नाही. आता होर्डिंग आठवा : दावा मराठीत, अटी इंग्रजीत. धागाकर्त्याने दिलेल्या वर्णनातच अर्धी केस आहे.

पैसे भरताना शेवटच्या पानावर कर आणि प्रोसेसिंग फी उगवत असेल तर ३० नोव्हेंबर २०२३ ची डार्क पॅटर्नची, म्हणजे वेबसाइट-ॲपवर ग्राहकाला गंडवणाऱ्या क्लृप्त्यांची, मार्गदर्शक तत्त्वं लागतात. एकूण १३ प्रकार आहेत. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं आणि न विचारता टोपलीत काही टाकणं हे दोन्ही त्यांत आहेत.

पुरावा पास घ्यायच्या दिवशीच गोळा करा. होर्डिंगचा फोटो, त्यात आजूबाजूची ओळखीची खूण येऊ द्या. वेबसाइटच्या पानाचा स्क्रीनशॉट पत्ता आणि तारीख दिसेल असा. शक्य तर ते पान वेबॅक मशीनवर (वेबपानं जशीच्या तशी साठवणारी साइट) जतन करा, कारण तक्रार गेली की पान बदलतं. अटींची पीडीएफ ज्या मेलने आली तो मेल पुसू नका : पैसे ११ वाजता भरले आणि अटी सव्वाअकराला आल्या, ही वेळच बोलते. आणि वर खिडकी_नं_२ यांनी सांगितलं ते : एकाच फोनवर, एकामागून एक, पासचा स्लॉट 'उपलब्ध नाही' आणि त्याच तारखेचं तिकीट 'उपलब्ध'. स्क्रीन रेकॉर्डिंग करा, त्यात फोनवरची वेळ दिसू द्या. दोन-तीन वेगवेगळ्या तारखांची करा, म्हणजे 'त्या दिवशी तांत्रिक अडचण होती' म्हणायला जागा राहत नाही.

मग पार्कला लेखी मेल. रागाचा नको, मुद्द्याचा. नमुना :

"आपल्या जाहिरातीत पास '३६५ दिवस' चालेल असे म्हटले आहे. पैसे घेण्यापूर्वी ब्लॅकआउट तारखा व स्लॉटचा कोटा मला सांगितला नाही. सोबतच्या रेकॉर्डिंगप्रमाणे पासधारकांना जागा नाकारून त्याच दिवसाची तिकिटे विकली जात आहेत. चार पासचे रु. १४,४०० भरले असून त्यावर दोन वेळा प्रवेश घेतला आहे. त्या दोन वेळांचे ऑनलाइन तिकीट दराने रु. ४,४०० वजा करून रु. १०,००० पंधरा दिवसांत परत करावेत, अन्यथा ग्राहक आयोगात दाद मागितली जाईल."

वापरलेल्या खेपा स्वतःहून वजा करा. पूर्ण पैसे मागितले की समोरचा 'मजा करून वर पैसे मागतात' एवढंच सांगत सुटतो. हा मेल छापून स्पीड पोस्टानेही पाठवा, आणि पोचल्याची नोंद काढून ठेवा.

त्याच वेळी १९१५ वर नोंद करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. ते हुकूम काढू शकत नाहीत, पण तक्रार कंपनीकडे पाठवतात, आणि रक्कम लहान असली की अनेकदा तिथेच मिटतं. तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून ठेवा.

नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. आपला सिव्हिल लाइन्समध्ये. तक्रार ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर टाकता येते. जुनं ई-दाखिल २०२५ पासून त्यातच गेलं. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार, प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी आणि कागद. घटनेपासून दोन वर्षांची मुदत. 'वाद फक्त अमुक शहराच्या न्यायकक्षेत' असं पीडीएफमध्ये असलं तरी कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार लावता येते. लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी खाजगी लवादाकडे न्यायचा अशी अट) दाखवलं तरी घाबरू नका, त्याने ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात तेच कायम ठेवलं.

आता जिथे लोक हमखास फसतात ते. तक्रारीत 'हा अनुचित करार आहे, अटी रद्द करा' असं लिहू नका. अनुचित करार, कलम २(४६), ही तक्रार कलम ४७ नुसार राज्य आयोगाकडे जाते. जिल्हा आयोगात तसं लिहिलंत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला न्यायकक्षेचा मुद्दा काढणार. जिल्ह्यात 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' एवढंच लिहा आणि परतावा मागा. त्रुटी असलेली सेवा मागे घेऊन बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित प्रथाच आहे.

जरीपटका_जंक्शन

एकाच सोसायटीतल्या आठ-दहा कुटुंबांनी पास घेतले असतील तर एकच तक्रार चालते काय?

कोर्टाची_पायरी

चालते. दोन रस्ते आहेत. सगळ्यांनी मिळून सह्या करून संयुक्त तक्रार, हा सोपा. दुसरा कलम ३५(१)(c) चा, सगळ्या पासधारकांच्या वतीने. त्याला आयोगाची परवानगी लागते आणि सार्वजनिक नोटीस येते, काम वाढतं. आठ-दहा कुटुंबं असतील तर पहिलाच घ्या. प्रत्येकाने किती खेपा वापरल्या याचा तक्ता मात्र स्वतंत्र द्या, सगळ्यांना एकच आकडा लावला की उलटतपासणीत सापडता.

तर्रीपोहा

आणि निकाल लागेस्तोवर पोरगा साडेचार फुटांचा होते. :)

कोर्टाची_पायरी

कायद्यात तीन महिने लिहिलेत. प्रत्यक्षात जास्त लागतात हे खरं. पण एक मुदत पक्की आहे : नोटीस मिळाल्यापासून समोरच्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी १५. ४५ दिवसांच्या पुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही, हे घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवून टाकलंय. म्हणून नोटीस केव्हा पोचली त्याची पावती जपा आणि ४६ व्या दिवशी अर्ज द्या. लहान रकमेच्या प्रकरणात बऱ्याच कंपन्या याच टप्प्यावर तडजोडीला येतात. सुनावणी व्हिडिओवर मागता येते, त्यासाठी रजा टाकायचं काम नाही.

फुटाळाकाठ (धागाकर्ता)

एका ठिकाणी असं उत्तर मिळतंय की मूळ रक्कम बघू, पण जीएसटी सरकारजमा झाला, तो परत देता येत नाही. खरं का हे?

हिशेबी_काकू

खोटं. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली पार्क क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढू शकतो आणि भरलेला कर आपल्या हिशेबात वळता करून घेऊ शकतो. मुदत, ज्या आर्थिक वर्षात बिल काढलं ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे फेब्रुवारी २०२६ च्या बिलाला ३० नोव्हेंबर २०२६. मेलमध्ये हे वाक्य घाला, तिथला अकाउंटंट लगेच समजेल. पण त्यासाठी जीएसटी क्रमांकाचं बिल हवं. पासचं कार्ड म्हणजे बिल नव्हे, आणि ॲपवरची 'पेमेंट यशस्वी' ही पाटीही नव्हे. बिल मागितल्यावर देत नसतील तर तीही अनुचित प्रथाच.

सीताबर्डी_सिग्नल

घ्यायच्या आधी काय विचारायचं ते एकत्र लिहा न कोणी. सगळं वर-खाली विखुरलंय.

खिडकी_नं_२

पैसे भरायच्या आधी एक मेल टाका, त्यात हेच विचारा. ब्लॅकआउट तारखांची यादी या वर्षीची द्या, 'वेळोवेळी जाहीर केल्याप्रमाणे' नको. वैधता खरेदीपासून, पहिल्या प्रवेशापासून की ठरावीक तारखेपर्यंत? फेब्रुवारीत घेतलेला पास ३१ मार्चला संपणारा निघाला अशीही उदाहरणं आहेत, '२०२५-२६' लिहिलेलं असतं आणि लोक ते पुढचं पूर्ण वर्ष समजतात. पासधारकांसाठी रोज किती जागा? पावसाळ्यात कोणत्या राइड बंद असतात? वेव्ह पूल महिनाभर दुरुस्तीला गेला तर मुदत वाढते का? मुलाचा दर उंचीने बदलतो का? लॉकरची अनामत किती, आणि चावीचा पट्टा हरवला तर किती कापता?

उत्तर आलं तर तोच तुमचा करार. उत्तर नाही आलं तर पास घेऊ नका, तिकीट काढून जा. 'शेवटचे दोन दिवस' हे पालुपद सीझन लागेपर्यंत चालू असतं, त्याला भुलायचं नाही.

बेलतरोडी_बायपास

वरचं सगळं वाचलं. एक राहिलं : पास यूपीआयने घेताना ऑटोपे चालू झालाय आणि आता पुढच्या वर्षीचे पैसे कापणार असा मेसेज आलाय. ॲपमध्ये नूतनीकरण बंद करायचं बटणच सापडत नाही.

हिशेबी_काकू

पार्कच्या ॲपमध्ये शोधू नका. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे भरले त्यात 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा भाग असतो, तिथे पार्कचं नाव दिसेल, तिथूनच रद्द होतं आणि पिन टाकला की लगेच बंद होतं. कार्डावरून असेल तर बँकेच्या ई-मँडेटच्या पानावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते, तुम्हाला आलेला मेसेज तोच. आजच रद्द करा आणि रद्द झाल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. तरीही कापले तर पार्कला नव्हे, आधी बँकेला लेखी कळवा.

बेलतरोडी_बायपास

सापडलं, 'मँडेट' मध्ये होतं. रद्द केलं. धन्यवाद काकू.